आईसाठी बांधलेल्या पायऱ्या

माझ्या धाकट्या भावाच्या नावातच साहेब आहे. तात्यासाहेब. वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव, आणि हा जन्मभर तेवढ्याच भांडवलावर साहेब राहिला. नोकरी साखर कारखान्यात, शेतकी विभागात. म्हणजे जीपमध्ये बसून दुसऱ्याचा ऊस बघायचा आणि बांधावर उभं राहून शेतकऱ्याला शेती शिकवायची. वैजापूरजवळ आमची घरची चांगली काळी जमीन आहे, पण तिच्यात यानं कधी पाय घातला नाही. बुटाला चिखल लागतो म्हणायचा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी त्याच्यासाठीच राखून ठेवली होती.

मी मनकर्णा, त्याची थोरली बहीण. लासूर स्टेशनला दिलेली. माझी जीभ तिखट आहे असं माहेरचेही म्हणतात आणि सासरचेही. दोन्ही घरांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. तात्याचं कौतुक ऐकायचं असेल तर ते त्याच्याकडेच जाऊन ऐकावं. चहा मिळेल, आणि कौतुक चहा गार होईपर्यंत पुरेल.

निवृत्त झाल्यावर त्यानं शहरात बंगला बांधला. सातारा जिल्हा नव्हे, शहरालाच लागून असलेल्या सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याला, उताराचा प्लॉट. बंगला वर आणि बाग मागच्या बाजूला, चांगली पुरुषभर खाली. बंगल्याचं नाव 'मातोश्री'. पाटीवर ते नाव बोटभर, आणि खाली याचं स्वतःचं नाव हातभर, पुढं 'निवृत्त अधिकारी'. आता एवढं नाव दिल्यावर घरात मातोश्री दाखवायला पाहिजेच. वडील गेल्यापासून आई गावाकडे मधल्या भावाजवळ, सांडूजवळ राहत होती. तात्यानं तिला आणायचं मनावर घेतलं. 'आई माझ्याकडे असते' हे वाक्य त्याला पाहुण्यांसमोर म्हणायचं होतं, दुसरं काही नाही.

आईनं एकच अट घातली. "मला हातभर जिमीन लागंल. नुसतं बसून मला अन्न पचत नाय."

तात्या लगेच हो म्हणाला. खालची बाग तशीही पडीक होती, आणि आईनं भाजी लावली तर माळी ठेवायला नको. आई आली. उतारावरून, झुडपं धरत, तिरकी तिरकी खाली जायची आणि दिवस तिथंच काढायची. मेथी, शेपू, वाल, दोडका. कुंपणाला कारलं. ऐंशीच्या घरातली बाई, पण मातीत बसली की वय विसरायची. मी लासूरहून आले की माझ्या पिशवीत जुडी कोंबायची, आणि मी नको म्हटलं की रागवायची. मला वाटलं, चला, तात्याच्या हातून चुकून एक बरं काम झालं.

मग एका पावसाळ्यात ती उतारावर घसरली आणि पाय मुरगळला. तात्यानं जाहीर केलं, "मी आईसाठी पायऱ्या बांधणार." जाहीर केलं असंच म्हणते मी, कारण त्यानं ते सगळ्या भावकीला फोन करून सांगितलं.

आईनं बंगल्याच्या मागच्या ओट्यावर बसून वीत पसरून दाखवली. "पायरी एवढीच. जास्त नको. अन् धराया कायतरी."

तेवढं त्यानं ऐकलं. खोटं कशाला बोलू. पायऱ्या वितीच्या उंचीच्याच झाल्या आणि एका बाजूला लोखंडी कठडाही लागला. काम मुंजाबा नावाच्या गवंड्याला दिलं. हा मुंजाबा हाताचा वाईट नव्हता, पण कोणताही साहेब काहीही बोलला तरी 'व्हय साहेब' म्हणायचा, आणि त्यावरच त्याला शहरभर कामं मिळायची. तात्याला असाच माणूस हवा होता. एक बोलणारा आणि एक व्हय म्हणणारा, अशी जोडी जमली. मुंजाबानं उतार खोदला, दगडगोटे भरून ठोकून पाया केला, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती घेतल्या. त्यामुळं आईची जुनी तिरकी वाट गेली. आता खाली जायला पायऱ्यांशिवाय दुसरा मार्ग उरला नाही.

काम चालू असताना आईला माझ्याकडे पाठवलं. धुळीनं तिला खोकला होतो म्हणे. आई माझ्या ओसरीवर बसून रोज विचारायची, "दोडक्याला कोणी पाणी घालत आसंल का गं?" लेकीच्या घरी जास्त दिवस राहणं तिला आवडत नसे. पायऱ्या झाल्याचा फोन आला तशी तिनं पिशवी भरली.

इकडं तात्याच्या डोक्यात काय शिजलं होतं ते मला तिथं गेल्यावर कळलं. दौलताबादच्या रस्त्याला एक हॉटेल आहे. तिथं हा कुणाच्या तरी रिसेप्शनला जेवून आला होता. त्या हॉटेलात भिंतीला बैलगाडीचं चाक टांगलेलं, कंदिलात विजेचे दिवे, आणि हिरवळीत दळणाची जुनी दगडी जाती पुरून त्यांच्यावरून चालायची वाट केलेली. शहरातली माणसं बुटांनी त्यांच्यावर उभी राहून फोटो काढतात. ज्यांनी कधी जात्याचा खुंटा हातात धरला नाही त्यांनी ते करावं, मला काही म्हणायचं नाही. पण जात्याचं पीठ खाऊन वाढलेल्या आमच्या शहाण्याला ते बघून वाटलं, हे आपल्याकडे पाहिजे.

आणि आपल्याकडे होतंही. सांडूनं गावचं घर पाडून तिथं कांद्याची चाळ केली होती, आणि आईचं जातं चाळीच्या कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलं होतं. तात्यानं टेम्पो पाठवला.

त्या जात्याबद्दल सांगायला पाहिजे. आईचं, म्हणजे आवडाबाईचं, लग्न पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात झालं. रझाकारांच्या धामधुमीत लांबलेलं लग्न. तिच्या वडिलांनी लेकीबरोबर जातं दिलं. नवरी आणि जातं एकाच बैलगाडीत आलं, आणि दोघांत जातं जड होतं असं माझी आजी म्हणायची. पिठाची गिरणी आल्यावर रोजचं दळण थांबलं, पण गावात कुणाचंही लग्न निघालं की हळद आमच्याच जात्यावर दळायची. सवाष्णी जमायच्या, जात्याला हळदकुंकू लावायच्या, खुंट्याला आंब्याचं पान बांधायच्या आणि मग दळायला बसायच्या. माझी हळद त्यावर दळली, तात्याचीही. जात्याला पाय लावायचा नाही, आणि ओलांडायचंही नाही. चुकून लागलाच तर हात लावून तो कपाळाला लावायचा. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, जसं ताटाला पाय लावू नये हे शिकवावं लागत नाही.

आईला घेऊन मी बंगल्यावर पोचले तेव्हा तात्या मोबाईल घेऊन तयारच होता. बायको वच्छला शेजारी उभी. मुंजाबा थापी धुवत होता.

"चल आई, पहिलं पाऊल तुझं," तात्या म्हणाला.

आईनं चपला काढल्या, कठडा धरला, पाय उचलला आणि खाली बघितलं. वरून उतरताना पहिलीच पायरी जात्याच्या वरच्या तळीची होती, आणि तिच्याखालची दुसरी खालच्या तळीची. दोन्ही गोल दगड पायरीच्या रुंदीत बरोबर मावलेले, भोवती सिमेंटची सुबक कड. तिचा उचललेला पाय मागं आला. ती कशीबशी वाकली, दगडाला हात लावला आणि कपाळाला लावला.

"हे मपलं हाय," ती म्हणाली.

"ओळखलंस ना? मुद्दाम बसवलं. म्हटलं, तुला गावची आठवण राहील."

जात्यात जिथून धान्याचा घास टाकतात त्याला तोंड म्हणतात. आईनं त्या जागेवर बोट फिरवलं. "तोंडात काय भरलंय?"

"सिमेंट. पाणी साचू नये म्हणून."

"बरं," आई म्हणाली. "मग जाईन नंतर." आणि ओट्यावर जाऊन बसली.

मला राहवलं नाही. मी तात्याला बाजूला घेतलं. "अरे, शुद्ध हरपली का तुझी? जात्यावर पाय देऊन उतरेल ती?"

"अक्का, तुम्ही लोक कुठल्या काळात राहता?" तो म्हणाला. "वापर संपला की तो नुसता दगड असतो. मी त्याला घरात मानाची जागा दिली. सांडूकडे कांद्याच्या सालीत पडलं होतं, ते चाललं तुला."

बोलायला हा कधीच मागं नव्हता. मी मुंजाबाकडे वळले. "तुमच्या घरी जातं असेल ना हो? तुम्हाला काही वाटलं नाही?"

मुंजाबानं थापी झटकली. "साहेब बोलले झक्कास दिसंल. म्या म्हनलं, व्हय साहेब." त्याला सगळं कळत होतं आणि तरी त्यानं सिमेंट भरलं. तात्याला निदान कळत तरी नव्हतं. दोघांत जास्त वाईट कोण हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई नंतरही गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. ओट्याच्या कडेला बसून खाली बघत राहायची. आणि तात्याची अक्कल बघा. त्याला वाटलं म्हातारी घाबरते. त्यानं दुसऱ्या बाजूलाही कठडा लावला. मग मुंजाबाकडून दगडावर छन्नीनं रेघा मारून घेतल्या, पाय घसरू नये म्हणून. मग गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं गुडघे उत्तम. शेवटी यानं पायऱ्यांवर हिरवा गालिचा अंथरला, म्हणजे दगड दिसायलाच नको. झाकलं की नसतं, असं आयुष्य काढलेला माणूस तो.

खाली गवत वाढलं. दोडक्याचा वेल मांडवाशिवाय जमिनीवर पसरून कुजला. आई वच्छलाला सांगायची, "मेथी फुलावर आली, खुडून घे गं." वच्छला म्हणायची, "आई, कोपऱ्यावर सगळं मिळतं हो." वाईट नाही ती, फक्त तिला मातीचं काही घेणंदेणं नव्हतं. आईचं जेवण कमी झालं. मी गेले की माझ्या पिशवीत घालायला तिच्याजवळ काही नसायचं, आणि ती माझ्या पिशवीकडे बघायचं टाळायची.

एकदा ती मला म्हणाली, "मने, मला गावाला नेऊन सोड."

"कुठं सोडू? घराची चाळ झाली. तू तात्याला सरळ सांग ना, काढ म्हणून. तुझा शब्द नाही मोडणार."

"ज्या पोराला हे सांगावं लागतं," आई म्हणाली, "त्याला सांगून काय व्हणार?"

तिनं सांगितलं नाही. मी सांगितलं, दर खेपेला. तात्या म्हणायचा, "आता काढलं तर सगळं डिझाइन बिघडेल. रेवतीच्या लग्नानंतर बघू." रेवती म्हणजे त्याची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं, आणि हळदीचा कार्यक्रम त्याला खालच्या बागेत करायचा होता. आईचे वाफे-आळी सपाट करून त्यावर मांडव. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा. नवरीनं त्या पायऱ्यांवरून उतरायचं आणि खालून व्हिडिओ काढायचा. लग्न लेकीचं होतं की पायऱ्यांचं, हे पत्रिकेवरून तेवढं कळत होतं.

हळदीच्या सकाळी गावाहून बायका आल्या. आमच्या भावकीतल्या भागूबाई सगळ्यांत थोरल्या, आईच्या बरोबरीच्या. मी त्यांना घेऊन ओट्यावर आले. तोवर बऱ्याच जणी गालिच्यावरून खाली मांडवात गेल्याही होत्या. खाली चौरंगावर एक जातं मांडलं होतं. वच्छलानं गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं, रुखवतात ठेवतात तसलं, वाटीएवढं, सोनेरी झालर लावलेलं.

भागूबाईंनी वरूनच डोळे बारीक करून बघितलं. "हे काय खेळनं मांडलंय? आवडाबाईचं जातं कुठं गेलं?"

तात्या तिथंच होता, नवीन कुर्त्यात. तो घाईघाईनं म्हणाला, "भागूकाकू, ते आहे, जपून ठेवलंय."

"मंग काढ की. आख्ख्या गावच्या हळदी त्याच्यावर दळल्या, अन् घरच्या नातीला इकतचं?"

आई ओट्याच्या कोपऱ्यात नवं लुगडं नेसून बसली होती. ती म्हणाली, "भागू, तू उभी हाईस तिथून म्होरं पाय टाकू नको. गालिचा उचलून बघ."

मीच उचलला.

भागूबाईंनी आधी तळीकडे बघितलं, मग तात्याकडे. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि दोन पावलं मागं सरकल्या. काही वेळ कुणाला कळलं नाही, मग एकीनं दुसरीला सांगितलं आणि सगळीकडे पसरलं. ज्या वर होत्या त्यांनी खाली उतरायचं नाकारलं. ज्या खाली गेल्या होत्या त्या आपले तळवे बघत, आपल्याला कसलं पाप लागलं म्हणून गालावर हात मारत उभ्या राहिल्या, आणि वर यायला तयार होईनात. नवरी मळवट भरून दारात. व्हिडिओवाला खाली कॅमेरा लावून ताटकळत. अर्ध्या सवाष्णी वर, अर्ध्या खाली, आणि मधे तात्यासाहेबांच्या पायऱ्या. मला हसू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

भावकीसमोर इज्जत गेल्यावर मात्र या माणसाला जाग आली. आई वर्षभर ओट्यावर बसून सुकली तेव्हा नाही आली. जेवायला आलेल्या मुंजाबाला त्यानं हाक मारली. "मुंजाबा, हे आत्ता काढायचं. अख्खं."

मुंजाबानं कडेवर छन्नी ठेवून दोनतीनदा ठोकून बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून व्हय आलं नाही. "साहेब, शिमिटाचा माल तुमीच जाड कालवाया लावला व्हता. एकेक कड करून सोडवावं लागंल. सांज व्हईल."

"सांज? मुहूर्त बाराच्या आत आहे. व्हिडिओवाल्याला पुढची ऑर्डर आहे."

"घाई केली तर दगड जाईल."

"काही जात नाही," तात्या म्हणाला. आणि जन्मात कधी कुदळ न धरलेल्या माझ्या भावानं मांडववाल्याची पहार उचलली. कुर्त्याच्या बाह्या सारल्या. मी ओरडले, "तात्या, थांब." आई उठून उभी राहिली. त्यानं पहारेचं टोक तळीखाली घातलं आणि सगळं अंग टाकून दाबलं.

फार मोठा आवाज झाला नाही. अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच झाला. वरची तळी तोंडापाशी उभी चिरली. अर्धी पहारेवर वर आली आणि घरंगळत खालच्या भिंतीला जाऊन टेकली. अर्धी सिमेंटमध्ये जिथल्या तिथं राहिली. ऐन लग्नघरात, हळदीच्या आधी, घरचं जातं फुटलं. भागूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला रडू फुटलं. तात्या पहार धरून उभा.

आई पुढं आली. मला वाटलं ती आता खाली बसेल, त्या अर्ध्या तुकड्याला हात लावेल. ती वाकलीच नाही. ओट्याच्या कडेला तिच्या चपला होत्या, त्या तिनं पायात घातल्या. कठडा धरला.

"आई," मी म्हणाले.

"फुटलं," ती म्हणाली. "अन् एकल्या तळीचं जातं नसतं. आता हा नुसता धोंडा हाय. याच्यावरून जायाला काय होतंय."

आणि तिनं त्या अर्ध्या तळीवर पाय दिला, चपलेसकट. मग दुसऱ्या तळीवर. मग बाकीच्या पायऱ्या, एकीकडून धरत, सावकाश. खाली जाऊन ती चौरंगासमोर बसली आणि त्या झालरवाल्या खेळण्याचा खुंटा दोन बोटांत धरला. "या गं," वर बघून म्हणाली, "पोरीचा मुहूर्त जातोय."

तिच्यामागून एकेक करून सगळ्या उतरल्या. भागूबाई सगळ्यांत शेवटी. हळद दळली. ओव्या कुणी म्हटल्या नाहीत.

आणि तात्या? पहार भिंतीला टेकवून, रुमालानं मान पुसत तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तो म्हणाला, "बघ अक्का, मी म्हणत नव्हतो? उतरता येतं तिला. उगीच मनात भीती धरून बसली होती."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि आईजवळ खाली गेले.

फुटक्या जागेत त्यानं मुंजाबाकडून नवा दगड बसवून घेतला नाही. अर्धी तळी तशीच ठेवून भोवती सिमेंट भरून घेतलं, म्हणे असं जुनं-तुटकं जास्त छान दिसतं. मांडव निघाल्यावर आईनं वाफे पुन्हा ओढले. आता मेथी येते, दोडका मांडवावर चढतो, आणि माझी पिशवी भरते. पाहुणे आले की तात्या त्यांना ओट्यावर आणून दाखवतो. "या पायऱ्या मी आईसाठी बांधल्या. रोज सकाळ-संध्याकाळ उतरते." पाहुणे म्हणतात, वा. आई चपला घालते आणि जात्यावरून खाली जाते.